गैरहजर

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते. आता निवृत्त आहे. आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातलं, माण-खटाव भागातलं. आज तुमच्याशी बोलायचंय ते इतिहासाबद्दल. घाबरू नका, सनावळ्या पाठ करायला लावणार नाही.

वर्गात मुलांना विचारलं, की बाळांनो, इतिहास म्हणजे काय? तर पहिलं उत्तर यायचं, शिवाजी महाराज. चौथीला आपल्याकडे महाराजांचाच इतिहास असतो, त्यामुळे ते बरोबरच आहे. मग मी विचारायची, आपल्या गावाला इतिहास आहे का? वर्ग गप्प. एखादा धीट पोरगा म्हणायचा, "बाई, आपल्याकडं किल्ला न्हाई." म्हणजे किल्ला नाही तर इतिहास नाही. आणि त्याहून पुढचा प्रश्न विचारला, की तुझ्या आजीला इतिहास आहे का, तर पोरं हसायची.

त्या हसण्यावर माझ्याकडे बरीच वर्षं उत्तर नव्हतं. ते मिळालं शाळेच्या लोखंडी कपाटात.

प्रत्येक शाळेत एक मोठं, जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर असतं. त्याला जनरल रजिस्टर म्हणतात. शाळेत नाव घातलं की त्यात नोंद होते, आणि शाळा सोडल्याचा दाखला निघतो तोही त्यावरूनच. हे रजिस्टर कायम जपून ठेवायचं असतं. आमच्या शाळेतलं सगळ्यात जुनं रजिस्टर स्वातंत्र्याच्या आधीचं. पानं पिवळी, कडा वाळवीने खाल्लेल्या, पण अक्षर मोत्यासारखं. नाव, जन्मतारीख, वडिलांचा धंदा, कधी दाखल झाला, कधी शाळा सोडली, आणि शेवटचा रकाना, शाळा सोडण्याचं कारण.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना मी ठरवलं, सातवीच्या मुलांना हे रजिस्टर वाचायला द्यायचं. मूळ रजिस्टर पोरांच्या हातात दिलं नाही. काही पानांच्या झेरॉक्स काढल्या, जातीचा रकाना कागद लावून झाकला, आणि एकेका गटाला एकेक पान दिलं. म्हटलं, यावर कुठलाही धडा नाही. तुम्हाला काय दिसतं ते सांगा.

पहिल्यांदा त्यांना दिसले वाढदिवस. एका पोराने ओरडूनच सांगितलं, "बाई, ह्या सगळ्यांचा वाढदिवस एक जूनला!" खरंच होतं. पानावरच्या निम्म्याहून जास्त मुलांची जन्मतारीख १ जून. तुमच्यापैकी कितीजणींची आधार कार्डावरची तारीख १ जून आहे? हसताय ना? कारण माहीतच आहे सगळ्यांना. जून महिन्यात शाळा उघडायची, आई-बापांना तारीख सांगता यायची नाही, गुरुजी पोराकडे बघून अंदाजाने वर्ष धरायचे आणि तारीख टाकायचे १ जून. मुलांना मी एवढंच म्हटलं, की बघा, हा सरकारी कागद आहे, त्यावर सही-शिक्का आहे, तरी त्यावरची तारीख खरी नाही. कागद खोटं बोलायला बसलेला नसतो, पण तो लिहिणाऱ्याला जेवढं ठाऊक असतं तेवढंच सांगतो. इतिहासाचा हा पहिला धडा त्या दिवशी पोरांनी स्वतः काढला.

मग मुलींच्या लक्षात आलं, की जुन्या पानांवर मुली फारच थोड्या आहेत. पानामागून पान उलटावं तेव्हा एखादी दिसायची. पुढे पुढे त्या वाढत गेल्या. पण शेवटच्या रकान्यात मुलांच्या पुढे 'पास होऊन', 'दुसऱ्या शाळेत' असं असायचं, आणि मुलींच्या पुढे बहुतेक करून दोनच शब्द. 'घरकाम' आणि 'गैरहजर'.

त्या गटात एक मुलगी होती. तिला एका नावाशी आडनाव ओळखीचं वाटलं, बापाचं नाव ओळखीचं वाटलं, आणि मग ती एकदम म्हणाली, "बाई, ही माझी आजी हाय." आजीचं माहेर आमच्याच गावातलं, दिलेली पण गावातच. चौथीत असताना शाळा सोडलेली. साल १९७२. कारण, 'सतत गैरहजर'.

पोरगी घरी गेली आणि आजीला म्हणाली, "आज्जे, तू शाळेला दांड्या मारायचीस व्हय गं? बाईंच्या बुकात लिवलंय."

दुसऱ्या दिवशी म्हातारी स्वतः शाळेत आली. पदर खोचलेला, चपला दारात काढलेल्या. मला वाटलं, भांडायला आली. तिने विचारलं, "कुठं लिवलंय ते दावा." मी रजिस्टर उघडून दाखवलं. तिला वाचता येत होतं, चौथीपर्यंत शिकलेली होती. तिने त्या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "म्या गैरहजर न्हवते. म्या तळ्यावर हुते."

मैत्रिणींनो, आमच्या गावाच्या वरच्या अंगाला एक पाझर तलाव आहे. पोरं तिथे पोहतात, म्हशी डुंबतात. तो तलाव १९७२ च्या दुष्काळी कामावरचा. त्या वर्षी महाराष्ट्रात काय झालं ते तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. सलग पाऊस हुकला, विहिरी आटल्या, जनावरं गेली. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी रेशनला मिळायची आणि तिची भाकरी थापली की तडकायची. कामावर सुकडी वाटायचे. सरकारने गावोगाव कामं काढली. खडी फोडायची, रस्ते, नालाबांध, पाझर तलाव. १९७३ च्या उन्हाळ्यात अशा कामांवर राज्यभरात सुमारे ५० लाख माणसं होती, आणि त्यांत बायांची संख्या फार मोठी होती. या कामांच्या अनुभवातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. राज्याच्या विधिमंडळाने तो १९७७ साली केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. ज्याला काम पाहिजे त्याला सरकारने काम दिलंच पाहिजे, असं सांगणारा हा कायदा आधी महाराष्ट्रात झाला. देशाचा कायदा आला तो २००५ साली.

ही माहिती मला पुस्तकातून होती. पण आजीने जे सांगितलं ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. तिची आई बाळंतीण होती. हजेरी बुडाली तर घरात दाणा येणार नव्हता. म्हणून दहा वर्षांची ही पोर आईच्या नावावर कामाला उभी राहिली. मुकादमाने बघून न बघितल्यासारखं केलं. मस्टरवर नाव आईचं, घमेलं डोक्यावर पोरीचं. शाळेत हजेरी झाली की गुरुजी नाव पुकारायचे आणि कुणी 'हजर' म्हणायचं नाही. "तळ्यावर रोज हजर हुते की म्या," आजी म्हणाली. "त्ये कुणी लिवलंच न्हाई."

वर्गात कुणी हसलं नाही. त्या शनिवारी सगळा सातवीचा वर्ग आजीला घेऊन तलावावर गेला. कुठली बाजू आधी भरली, खडी कुठल्या टेकाडावरून आणली, सावलीला एकच बाभूळ कशी होती, हे तिने दाखवलं. पोरं रोज त्या भिंतीवरून उड्या मारायची. त्या दिवशी भिंतीवरून चालताना हळू चालली.

आता मी माझी एक चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय हे भाषण खरं होणार नाही.

त्या मुलांनी मला विचारलं, "बाई, १९७२ चा हजेरीपट कुठाय? त्यात कळंल की कोण कोण कुठल्या महिन्यापासून यायचं बंद झालं." प्रश्न अगदी बरोबर होता. रजिस्टरमध्ये फक्त शेवटचा शब्द असतो, पण हजेरीपटात एकेक दिवस असतो. तो असता तर कुठल्या आठवड्यात कुणाच्या घरचं धान्य संपलं, हे आम्हाला दिसलं असतं. आजीसारख्या आणखी किती पोरी होत्या, हे मोजता आलं असतं.

पण तो हजेरीपट नव्हता. काही वर्षांपूर्वी शाळेचं छत गळत होतं, दुरुस्ती काढली होती, तेव्हा जुने हजेरीपट पोत्यात भरून रद्दीला दिले होते. आणि ते द्यायला सांगणारी मीच होते. नियमाने त्यात काही चूक नव्हतं. हजेरीपट जनरल रजिस्टरसारखे कायम ठेवावे लागत नाहीत, मुदत संपली की काढून टाकता येतात. त्या रद्दीचे जे पैसे आले त्यातून आम्ही खडू आणि दोन केरसुण्या आणल्या. मला तेव्हा वाटलं, जागा मोकळी झाली.

कागद रद्दीत जाण्याची ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. मराठ्यांच्या इतिहासाचे जुने कागद शोधत हा माणूस गावोगाव फिरला. त्यांनी छापलेला पहिला खंड १८९८ साली निघाला, आणि त्यातले कागद आपल्याच सातारा जिल्ह्यात, वाईला सापडलेले होते. असे बावीस खंड झाले. लोकांच्या माळ्यावर, पेटाऱ्यात, उंदरांनी कुरतडलेले रुमाल पडलेले असायचे. रुमाल म्हणजे कागदांचं फडक्यात बांधलेलं गाठोडं. त्यांनी ते सोडून बघितले नसते तर ते कागद पावसाने नाहीतर चुलीने खाल्ले असते. आज पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे कोट्यवधी कागद नीट जपलेले आहेत, आणि मुंबई, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथेही सरकारची पुराभिलेखाची कार्यालयं आहेत.

पण तिथे राजे, सरदार, वतनदार जास्त सापडतात. आजीसारखी पोर सापडायची तर गावातलाच कागद हवा. आणि गावातला कागद राखायला पुण्याहून कुणी येत नाही.

मुलीचा एक कागद राहिला तर काय होतं, याचंही उदाहरण आपल्याकडे आहे. पुण्यात सावित्रीबाई आणि जोतिराव फुले यांच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची चौदा वर्षांची मुलगी शिकत होती. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. शाळेतलाच निबंध. तो १८५५ साली 'ज्ञानोदय' नावाच्या पत्रात छापून आला, म्हणून उरला. आज पावणेदोनशे वर्षांनी मोठमोठे अभ्यासक तो वाचतात. छापला गेला नसता, तर अशी एक मुलगी होती आणि तिने असा प्रश्न विचारला होता, हेसुद्धा आपल्याला कळलं नसतं.

निवृत्त झाल्यावर मी आणखी एका कागदाच्या नादी लागले, तो म्हणजे कोतवाल बुक. गावात कोण जन्मलं, कोण वारलं याची नोंद पूर्वी त्यात होत असे. ही बुकं तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये असतात, अर्ज करून नक्कल मिळते. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायला लोकांनी हीच बुकं धुंडाळली, त्यामुळे आता हे नाव घरोघरी माहीत झालंय. जुन्या नोंदी मोडी लिपीत असतात. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त तलाठीभाऊंनी मोडीचा वर्ग केला होता, त्यांनी नकला वाचून दाखवल्या आणि मी त्या बालबोधीत उतरवून शाळेत नेल्या.

मुलांनी १९१८ सालची पानं निवडली, कारण करोना त्यांनी नुकताच बघितला होता आणि मानमोडीची साथ मी त्यांना सांगितली होती. पहिलं महायुद्ध संपत आलं होतं तेव्हाचा तो ताप. सबंध देशात एक कोटीहून जास्त माणसं त्यात गेली. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. मुलांनी महिन्यावार मृत्यू मोजले. उन्हाळ्यात एखाददुसरा, आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला पानंच्या पानं. एका मुलाने विचारलं, "बाई, ह्यात बाया एवढ्या का?" अभ्यासकांनी नोंदवलेलं आहे, की आपल्या देशात त्या साथीत पुरुषांपेक्षा बाया जास्त दगावल्या. आजाऱ्याची उशा-पायथ्याची सेवा कोण करतं आणि घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

आणि जन्माच्या पानांवर काय लिहिलेलं होतं? 'अमुक बिन तमुक यास मुलगी झाली.' पान संपेपर्यंत असंच. यास मुलगा झाला, यास मुलगी झाली. वर्गातल्या पोरी तोंडाला पदर लावल्यासारख्या ओढणी लावून हसायला लागल्या. "बाई, त्यास्नी कशी झाली?" जिला कळा आल्या तिचं नावच नाही. आता १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे आधी आईचं नाव, मग बापाचं, असा आपल्या राज्यात नियम आला आहे. ही गोष्ट वर्तमानपत्रात वाचून मुलांना जेवढी कळली असती, त्याच्या दसपट ती जुनी पानं बघून कळली. शंभर वर्षं लागली त्या एका नावाला कागदावर यायला.

आता तुम्ही म्हणाल, बाई, आम्ही काय करायचं? आम्ही काही मास्तरणी नाही. सांगते.

तुमच्यापैकी कितीतरी जणी शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत. पुढच्या बैठकीत मुख्याध्यापकांना विचारा, आपलं सगळ्यात जुनं रजिस्टर कुठल्या सालचं आहे आणि ते कुठे ठेवलंय. भिंतीला टेकून नको, जमिनीवर नको, ओल लागते. सुती कापडात बांधा, कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला, वर्षातून दोनदा सावलीत वारा द्या. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवलं तर आतल्या आत बुरशी येते. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, ती पुढे कागदच खाते. गटातल्या कुणाकडे चांगला मोबाईल असेल तर परवानगी घेऊन पानापानाचे फोटो काढून ठेवा.

आणि काही काढून टाकायची वेळ आली, तर आधी गावाला विचारा. नियमात बसतं एवढ्यावर पोतं भरू नका. मी भरलं होतं.

मुलांना कागद द्याल तेव्हा काळजीही घ्या. जुन्या कागदात जात असते, कुणाचं दुसरं लग्न असतं, कुणाची कर्जं असतात. कुणाला चारचौघांत मान खाली घालायला लागेल असं पान वर्गात नेऊ नये. ज्या घरची गोष्ट असेल त्या घरी आधी विचारावं. आमच्या मुलांनी जमिनीच्या फेरफाराची पानं मागितली, तेव्हा मी आधी माझ्याच माहेरचा फेरफार नेला. माझं नाव त्यात एकदाच आहे. हक्कसोड लिहून दिली त्या दिवशीचं. भावांवर माझा राग नाही, पण हिंदू घरातल्या लेकीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क महाराष्ट्रात १९९४ साली आणि सगळ्या देशात २००५ साली कायद्याने दिला, आणि तो सोडताना मात्र आपण अंगठ्याच्या वेगाने सोडतो, हे मी मुलांना सांगितलं. मुलींनी ते वहीत लिहून घेतलं. मुलांनीही घेतलं, हे मला विशेष वाटलं.

शेवटची गोष्ट आपल्या बचत गटाची. आपल्या प्रत्येक गटाकडे एक इतिवृत्ताची वही असते. कोण हजर, कोण गैरहजर, कुणाला किती कर्ज, कशासाठी. शेळीसाठी, पोरीच्या फीसाठी, दवाखान्यासाठी. वही संपली की ती आपण कुठे टाकतो? पोरं तिची पानं फाडून विमानं करतात. पन्नास वर्षांनी एखादी पोर शोधायला निघेल, की माझी आजी काय करत होती, तिने पहिल्यांदा स्वतःच्या सहीने पैसे कधी उचलले, कशाला उचलले. तेव्हा ते सांगणारा कागद दुसरा कुठलाच नसेल. तेव्हा त्या वह्या जपा. आणि लिहिताना 'बचतीवर चर्चा झाली' एवढंच लिहून मोकळ्या होऊ नका. कोण काय बोललं ते दोन ओळी लिहा. एखादी आली नसेल तर नुसतं 'गैरहजर' लिहू नका. ती का आली नाही, कुठल्या कामावर होती, तेही लिहा.

आमची ती आजी आता थकली आहे. तिच्या नातीने सातवीत असताना एक कागद तयार केला. आजीने सांगितलेलं सगळं तिने आपल्या अक्षरात लिहिलं, तारीख टाकली, खाली आजीची सही घेतली. रजिस्टरमध्ये खाडाखोड करता येत नाही, करायचीही नसते. म्हणून तो कागद आम्ही जनरल रजिस्टरच्या शेजारी, त्याच कापडात बांधून ठेवला आहे. पुढे कुणी ते पान उघडलं तर दोन्ही वाचता येतील.

तुमच्या गावातही असं एक कपाट असेल. त्याची किल्ली कुणाकडे आहे, एवढं उद्या विचारून बघा.